मामांच्या नावाने सोडलेले एकोणीस पदार्थ

तिसगाव,
माघ वद्य चतुर्थी, सन १९७१

तीर्थरूप राधाकृष्णदादांच्या पायांवर मच्छिंद्राचा साष्टांग नमस्कार, आणि या खेपेस तो खराखुरा समजावा. (आजवर मी कुणापुढे आडवा झालो की पोट तेवढे जमिनीला टेकायचे आणि कपाळ, गुडघे वगैरे मंडळी अधांतरी राहायची. आता आठही अंगे एकदमच टेकतात.) इकडे मी, मालन आणि म्हैस असे तिघेही देवाच्या दयेने बरे आहोत. तुमचा खोकला कसा आहे? पेरूच्या बागेला विहिरीचे पाणी उन्हाळाभर पुरेल ना? विमलवहिनी अजून मिरजगावला माहेरीच आहेत असे कानावर आले. आखाडात तुमचे वडील, म्हणजे आमचे भिमाजीमामा, गेले आणि त्याच पंधरवड्यात तुम्ही वहिनींना तिकडे धाडलेत, म्हणजे आता सातवा महिना चालू आहे. मामांच्या मधुमेहाचे पथ्य तुम्ही एवढे डोळ्यांत तेल घालून सांभाळलेत, आणि त्यांच्या उशाखाली जिलबीचा कागद निघाला. त्या दिवशी घरात वहिनींखेरीज कुणी नव्हते, म्हणून दोष त्यांच्यावर आला. तुमच्या घरचा मामला आहे, मी त्यात तोंड घालणार नाही. मालन मात्र रोज सकाळी चूल पेटवताना म्हणते, "दादांना त्या बाईचं एकदा लिवा की." म्हणून हे लिहिले. आता माझी हकीकत ऐका, कारण ती तुमच्या वडिलांचीच आहे.

दिवाळीनंतर आडतीवर ज्वारी मोजताना पाच किलोचे वजन माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडले. (वीस वर्षे मापाडीपणा केला, हजारो क्विंटल धान्य काट्यावर चढवले-उतरवले, पण वजनाने माझ्यावर असा हल्ला पहिल्यांदाच केला.) जखम एवढीशी, पण पंधरा दिवस झाले तरी भरेना. शेवटी नगरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवली, तर नळीतले पाणी हिरवे झाले, पिवळे झाले आणि शेवटी विटेसारखे लाल होऊन थांबले. डॉक्टरांनी आईकडच्या कुणाला साखरेचा आजार होता का, असे विचारले. मी म्हटले, आईला होता, आणि तिच्या भावाला होता. ते म्हणाले, मग तुम्ही रांगेतच उभे आहात. शहाण्णव किलो वजन आहे, सहा महिन्यांत वीस किलो उतरवा, म्हणजे पाय वाचेल, डोळे वाचतील, हृदय वाचेल. असे म्हणून त्यांनी मला आहाराचा छापील तक्ता दिला. डाव्या बाजूला खायचे पदार्थ होते, ते सहा. दीड भाकरी, पालेभाजी, वाटीभर डाळ, काकडी-मुळा, लोणी काढलेले ताक आणि एक पेरू. उजव्या बाजूला सोडायचे पदार्थ होते, ते एकोणीस. साखर, गूळ, भात, बटाटा, तूप, तळण असे करत करत ती यादी कागदाच्या तळाशी गेली होती, आणि माझे सगळे आयुष्य त्या उजव्या बाजूलाच होते.

दादा, पथ्य पाळणे अवघड नाही, पाळू देणारी माणसे मिळणे अवघड आहे, हे तुम्हाला कळणार नाही. (तुम्हाला आग्रह करायची कुणाची छाती नाही, तुमचा चेहराच तसा आहे. राग मानू नये.) मी हुरड्याला गेलो आणि डॉक्टरांनी गूळ नको सांगितलाय म्हटले, तर शेताचा मालक तोंड फिरवून बसला. माझ्या रानातला हुरडा तुझ्या डॉक्टरला वाईट दिसतो व्हय, असे त्याने तीन वेळा विचारले, आणि चौथ्या वेळी विचारू नये म्हणून मी गुळाचे चार खडे खाल्ले. मग एक युक्ती काढली. कुठेही गेलो की उपास आहे म्हणायचे. पण उपास म्हटले की लोक साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तुपात परतलेली रताळी आणि वर साखर घातलेले दही आणतात. आठवडाभरात मी नऊ उपास केले आणि दोन किलो वाढलो. ते पुढे नुसत्या दीड भाकरीवर कसेबसे उतरवून शहाण्णववर परत आलो.

अशात गावात एका लग्नात वाढपी बुंदीची परात घेऊन माझ्यासमोर ठाण मांडून बसला. डावात बुंदी, डाव माझ्या पत्रावळीवर, आणि मागे वधूपित्याचे दोन भाऊ माझे हात धरायला सज्ज. त्या घडीला माझ्या तोंडून निघून गेले की, भिमाजीमामांच्या नावाने गोड सोडलेय. दादा, काय सांगू! डाव जागच्या जागी थांबला. धरलेले हात सुटले. म्हाताऱ्या वाढप्याने टोपी काढून मला नमस्कार केला आणि पलीकडच्या पंगतीतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने एखादा पदार्थ सोडला की त्याच्यापुढे कुणाचा आग्रह चालत नाही, हे मला जन्मापासून माहीत होते, पण त्याचा असा उपयोग मला सुचला नव्हता.

मग मी हावरटपणा केला, हे कबूल करतो. (हावरा माणूस खाण्यातच हावरटपणा करतो असे नाही, सोडण्यातही करतो.) रीत एका पदार्थाची आहे. आत्याबाईंनी यजमानांच्या, म्हणजे तात्यांच्या, नावाने कारले सोडले आणि ते त्यांना आधीच आवडत नव्हते, हे आपण दोघेही जाणतो. मी मात्र अंघोळ करून पाटावर बसलो, मामांचा फोटो समोर ठेवला आणि डॉक्टरांची उजवी बाजू साखरेपासून शेवेपर्यंत मोठ्याने वाचली. प्रत्येक पदार्थाला हातावरून पळीभर पाणी सोडले आणि एकोणीसच्या एकोणीस मामांच्या नावावर करून टाकले. मालन दारातून बघत होती. ती म्हणाली, "येवढं पोचवू नका त्यान्ला, झेपंल का?" मी तिच्यावर ओरडलो.

तेव्हापासून पथ्य असे लागले की विचारू नका. पंधरा दिवसांत सदऱ्यात हवा खेळू लागली. महिन्याभरात धोतराचा कासोटा पोटावर राहीना, मालनने सुतळी आणून दिली. अंगठा सुकला. नगरला नळीतले पाणी आधी हिरव्यावर थांबले आणि पुढच्या खेपेला निळेच राहिले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. मी आनंदाने आडतीवर आलो, चपला काढल्या आणि काट्यावर उभा राहिलो. शहाण्णव.

पहिल्यांदा वाटले, काटा बिघडला. मी स्वतः शिक्क्याची वजने चढवून पाहिले, पन्नासची पन्नास भरली. पोती चढवली, ती बरोबर भरली. सहादू हमालाला उभे केले, तो आपल्या नेहमीच्या त्रेपन्नावर. मी उभा राहिलो, शहाण्णव. शेजारच्या आडतीच्या काट्यावर गेलो, तिथेही शहाण्णव. आठवड्याने सदरा आणखी ढिला झाला आणि काटा तिथेच होता, ना अर्धा किलो वर, ना खाली. इथवर मला हसू येत होते. मग एका बाजारच्या दिवशी मी बाजरीचे पोते मोजत होतो आणि दांडी सारखी वर आपटत होती. सहादू म्हणाला, "आबा, काट्यावरला पाय काढा की." दादा, माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. मी खाली पाहून पुन्हा पाहिले. सहादूही पाहत होता. मग तो पोत्याच्या पलीकडे गेला, आणि त्या दिवसापासून मी काट्याजवळ असलो की तो मध्ये एका माणसाची जागा सोडून उभा राहतो.

गळीतधान्याच्या मोसमात हे परवडणारे नव्हते. मी मोजलेले पोते जास्त भरते म्हणून शेतकरी माझ्याकडे रांग लावतात आणि आडते माझ्यावर डोळे वटारतात. पण खरी भीती मला घरात वाटली. मी जेवायला बसलो की माझ्या डाव्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या. भाकरी आणि मेथीच्या भाजीला कुठली मुंगी येते? त्या भिंतीतून एका रांगेत निघायच्या, माझ्या ताटाकडे ढुंकून न बघता बाजूच्या मोकळ्या जमिनीवर जायच्या आणि तिथे गोल फिरायच्या. तो गोल मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा असायचा. (आधी लहान मुलाएवढा होता. मी मापाडी आहे, मला आकार कळतो.) मालनने हळद टाकली, राख टाकली, मुंग्या वळसा घालून तिथेच. ज्याच्या अंगात साखर त्याच्या मागे मुंग्या, हे दादा, तुमच्या मोरीत मामांच्या वेळी आपण पाहिलेलेच आहे. एके दिवशी जेवायला आलो तर मालनने माझ्या शेजारी दुसरा पाट मांडून ठेवला होता. आता रोज मांडते.

आमच्या आळीत गोजरबाई म्हणून म्हातारी आहे, तिला गेलेल्या माणसांतले कळते. तिला सगळे सांगितले. तिने माझ्याकडे न बघता माझ्या डाव्या खांद्याच्या जरा खाली बघत ऐकून घेतले आणि म्हणाली, "ज्याच्या नावानं सोडतोस त्याला ते पोचतं. तुला लाज न्हाई वाटली? साखरंचा पेशंट हुता तो, आन् तू त्याला येकोनीस पदार्थ धाडलंस. खाऊनशान अंग धराय लागलाय." मी विचारले, परत कसे पाठवायचे? ती म्हणाली, "खानाऱ्याला कशाला जावं वाटंल?" आणि दार लावून घेतले.

तरी मला नक्की हिशेब लागत नव्हता. तो पौष वद्य द्वितीयेला लागला. त्या दिवशी मामांची महिन्याची तिथ. दुपारी बारा वाजता, म्हणजे तुम्ही राहात्याला मामांचे पान वाढता त्या वेळेला, मी सहज काट्यावर उभा राहिलो तर ऐंशी! उतरून चढलो, ऐंशी. मामा तुमच्याकडे जेवायला गेले होते. म्हणजे ऐंशी मी आणि सोळा किलो ते. पाऊण तासात काटा पुन्हा शहाण्णववर आला. (एवढ्या लवकर का परतले, ते मला समजेना. तुम्ही पानावर अळणी भाकरी आणि कारल्याची भाजी ठेवली होती का, ते कृपया कळवावे. गेल्यावरही पथ्य पाळायला लावणे तुमच्या स्वभावाला धरून आहे.)

त्यानंतर मी घाबरून पथ्य मोडले. गुळाचा खडा तोंडात टाकला, तर मातीसारखा लागला. भात मातीसारखा, तूप पाण्यासारखे. मी ते गिळत राहिलो. दीड भाकरीच्या तीन केल्या, चार केल्या. परवा माघ वद्य द्वितीया होती. बाराच्या ठोक्याला काट्यावर उभा राहिलो. त्र्याहत्तर. दादा, दुप्पट जेवून महिन्यात मी सात किलो उतरलो आणि मामा तेवीस किलोचे झाले. डॉक्टरांनी शहात्तरवर थांबायला सांगितले होते, पण डॉक्टरांचा तक्ता मी वाचला आहे, मामांनी वाचलेला नाही. आम्हा दोघांचे मिळून शहाण्णव ठरलेले दिसते. ते वाढतील तेवढा मी कमी होणार. आणि जिवंतपणी मामा एकशे दहा किलोचे होते, हे मी माझ्याच काट्यावर मोजले आहे. मापाडीपणात वजाबाकी मी डोळे मिटून करतो, पण ही एक वजाबाकी करायचा मला धीर होत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती की पुढच्या द्वितीयेच्या आत तिसगावला यावे. गोजरबाईने कालच एक मार्ग सांगितला. ज्याच्या नावाने सोडले त्याच्या पोटच्या मुलाने आपल्या हाताने एकेक घास भरवला, तर सोडलेले परत घेता येते. एकोणीस घास भरवावेत, फार वेळ लागणार नाही. पाहिजे तर त्यातले चार-दोन पदार्थ तुम्ही स्वतः मामांच्या नावाने सोडावेत, म्हणजे ते राहात्याला तुमच्याकडे येतील. तुम्ही मुळातच सडपातळ आहात, तुमच्याजवळ त्यांना फार काळ करमणार नाही. मी यापुढे पथ्य पाळीन, पण स्वतःच्या नावाने पाळीन आणि लोकांचा आग्रह तोंडावर मोडीन. अंगठा नीट आहे तोवर या. कळावे, लोभ आहेच, तो वजनासारखा घटू देऊ नये.

तुमचा आतेभाऊ,
मच्छिंद्र

ता. क. येताना पेरू आणावेत. तक्त्यात एक चालतो. दोन आणावेत, दुसऱ्या पाटापुढे ठेवायला लागेल.

ता. क. दुसरा. गोजरबाईने मार्ग सांगितला हे वर खोटे लिहिले. तिने दार लावले ते पुन्हा उघडलेच नाही. घास भरवून काही होणार नाही, हे मला माहीत आहे, कारण मामा त्या एकोणीस पदार्थांसाठी आलेले नाहीत. आखाडात मी तुमच्याकडे आलो होतो, त्या दिवशी तुम्ही मला स्वतः स्टँडवर पोचवून बागेत गेलात. मी गाडीत बसलो नाही. निघताना पाया पडलो तेव्हा मामांनी माझे मनगट धरून कानात सांगितले होते, "मच्छिंद्रा, चार म्हैनं झालं, जिबंला गोड लागलं न्हाई रं. तू तरी आन." मी बाजारात जाऊन गरम जिलबी घेतली. वहिनी मळ्यातल्या विहिरीवर धुणे धूत होत्या. पावशेर घ्यायची ठरवली होती, पण अर्धा किलो घेतली. वीस वर्षांचा मापाडी मी, चुकून घेतली असे म्हणता येणार नाही. मामांनी ती लहान मुलासारखी खाल्ली, आणि शेवटची जिलबी माझ्या तोंडात कोंबून म्हणाले, "तू बी घे." मी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने निघालो. संध्याकाळी ते पडले. दहाव्याला चार माणसांसमोर तुम्ही वहिनींना विचारलेत, तेव्हा त्या रडत रडत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्याकडे बघितले तेव्हा मी वाकून चपलेचा अंगठा नीट करीत होतो. मला लाज वाटली, दादा, पण भीती त्याहून जास्त वाटली. मामांना माझ्या हातचे गोड मिळाले, त्याबद्दल त्यांचा राग नाही. त्यांच्या सुनेबद्दल आहे. तेव्हा तिसगावला येऊ नका. आधी मिरजगावला जा, वहिनींची क्षमा मागा, माझी म्हणून मागा आणि तुमचीही मागा, आणि त्यांना घरी आणा.

ता. क. तिसरा. वरचे लिहून झाल्यावर आडतीवर जाऊन काट्यावर उभा राहिलो. त्र्याहत्तर. आज ना द्वितीया, ना बारा वाजलेले. तीनदा उतरून चढलो, त्र्याहत्तर. सहादू आपणहून माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. एवढे हलके मला लहानपणापासून वाटले नव्हते. मग मनात आले की मामा गेलेच आहेत, तर आता एवढे सगळे तुम्हाला कशाला कळवायचे? उगाच नात्यात वाकडे येईल. वहिनींचे काय, आज ना उद्या तुम्ही आणालच. पत्राची घडी करून आतल्या खिशात ठेवली, उद्या इकडे सर्व ठीक असे एक कार्ड टाकावे असे ठरवले, आणि खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा काट्यावर चढलो. एकशे चार. एवढा मी जन्मात कधी नव्हतो. पत्र आत्ता, याच पावली, पेटीत टाकतो आहे.